‘पुरे’ म्हणणारी पेटी

सौर विजेविषयी आपल्याकडे बोलणे निघाले की ते प्लेटांपासून सुरू होते आणि बहुधा प्लेटांपाशीच संपते. किती वॅटची बसवली, केवढ्याला पडली, अनुदान मिळाले का. प्लेट छपरावर असते, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसते. तिच्यापासून बॅटरीकडे जाणाऱ्या तारेच्या वाटेत एक लहानशी पेटी असते, साधारण हाताच्या पंजाएवढी. वर दोन-तीन मिणमिणते दिवे, खाली तारा अडकवायचे सहा स्क्रू. हिला चार्ज कंट्रोलर म्हणतात. संच बंद पडला की लोक प्लेट पुसतात, बॅटरीला नावे ठेवतात. पेटीकडे कोणी पाहत नाही. हा लेख त्या पेटीविषयी आहे, आणि ती निवडायची आहे समुद्रात फिरणाऱ्या एका शिडाच्या नौकेसाठी.

नगर जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाने नौकेवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. समुद्र आमच्यापासून सरळ रेषेत दोनशे किलोमीटर. आमचे पाणी म्हणजे प्रवरा, मुळा, गोदावरी आणि त्यांच्यावरची धरणे. पण हा प्रश्न माझ्याकडे चालत आला. नात्यातला एक तरुण व्यापारी जहाजांवर इंजिनिअर आहे. त्याने दोन मित्रांबरोबर पस्तीस फुटी जुनी शिडाची नौका घेतली. ती गोव्यात मांडवीत नांगरलेली असते, आणि तिघांना तिच्यातून पश्चिम किनाऱ्याने खाली जाऊन लक्षद्वीप गाठायचे आहे. जहाजावरच्या मोठ्या यंत्रांची त्याला सवय. बारा व्होल्टच्या लहान संसाराची नाही. त्याने मला विचारले, कारण गेली काही वर्षे मी आमच्या भागातल्या फिरत्या मेंढपाळांच्या वाड्यांवरचे सोलर संच पाहत आलो आहे, बंद पडलेले उघडतो आणि त्यांच्या नोंदी ठेवतो. त्याला उत्तर लिहायला बसलो तेव्हा लक्षात आले की वाडा आणि नौका यांच्यापुढचा प्रश्न एकच आहे.

मागे तार नसलेले घर

आमच्या जिल्ह्यात सूर्याची मोठी कामे झाली आहेत. शिर्डीच्या प्रसादालयात २००९ पासून ७३ अंतर्गोल तबकड्यांच्या वाफेवर हजारो लोकांचे जेवण शिजते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली तेव्हा तिच्या प्रायोगिक गावांत पारनेर तालुक्यातले राळेगणसिद्धी होते. या दोन्ही ठिकाणी एक सोय आहे: ऊन कमी पडले तर पाठीशी दुसरे काहीतरी उभे असते. शिर्डीत गॅस आहे, राळेगणला वीज मंडळाची तार आहे. साठवणुकीची चिंता तिथे मुख्य नाही.

मेंढपाळाच्या वाड्याला ही सोय नसते. पारनेर, संगमनेर, राहुरीकडचे धनगर दिवाळीच्या आगेमागे मेंढरे घेऊन बाहेर पडतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. बिऱ्हाड घोड्यांवर असते: भांडी, वाकळा, कोंबड्या, लहान पोरे, आणि आता त्यावर आडवी बांधलेली वीस-चाळीस वॅटची सोलर प्लेट. आज या शेतात, परवा पुढच्या. रात्री कोकरांना जाळीत घालतात आणि जाळीच्या तोंडाशी दिवा ठेवतात, कारण लांडगा येतो आणि उसाच्या पट्ट्यात बिबट्याही येतो. तो दिवा पहाटे तीनला विझला तर त्याची किंमत विजेच्या बिलात मोजता येत नाही.

नौका हेही असेच बिऱ्हाड. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून ‘म्हादेई’ घेऊन एकटे निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून १९ मे २०१० रोजी परतले. वाटेत फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाऊन एवढेच थांबे. ही नौका गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली, आणि पुढे सहा महिला नौदल अधिकाऱ्यांना जगाभोवती घेऊन गेलेली ‘तारिणी’ही तिथलीच. त्याच ‘म्हादेई’वरून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता प्रदक्षिणा केली. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत दुसऱ्या नौकेवर असताना २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात त्यांच्या नौकेच्या डोलकाठ्या मोडल्या, पाठीला जबर मार बसला. २४ तारखेला फ्रान्सच्या ‘ओसिरिस’ या जहाजाने त्यांना उचलले. मधल्या तीन दिवसांत ते कुठे आहेत आणि कसे आहेत हे जगाला कळत होते ते विजेवर चालणाऱ्या उपकरणांमुळे. नौकेवर वीज ही चैनीची गोष्ट नसते ती अशी.

पेटी काय करते

शिशाची बॅटरी गॅस्टन प्लान्ते यांनी १८५९ मध्ये बनवली. सिलिकॉनची कामाची सौर प्लेट अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने १९५४ मध्ये लोकांपुढे आणली. या दोघींच्या वयात ९५ वर्षांचे अंतर आहे आणि स्वभाव जुळत नाहीत. प्लेटला थांबणे माहीत नाही. ऊन आहे तोवर ती ढकलत राहते. बॅटरी नाजूक आहे: पोट भरल्यावरही ढकलत राहिले तर तिच्यातले पाणी उकळ्या फुटल्यासारखे वायू होऊन उडून जाते, आणि उपाशी ठेवली तर शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे पांढरे खडे धरतात. खडे जुने झाले की ते पुन्हा विरघळत नाहीत. मी उघडलेल्या बहुतेक मेलेल्या बॅटऱ्यांत हाच पांढरेपणा होता. म्हणजे त्या जास्त खाऊन मेल्या नव्हत्या, अर्धपोटी राहून मेल्या होत्या.

दोघींमध्ये ही पेटी बसते. शिशाच्या बारा व्होल्ट बॅटरीला ती तीन टप्प्यांत भरते. पहिल्यांदा येईल तेवढा प्रवाह आत सोडते. व्होल्टेज साधारण १४.४ ला पोचले की ते तिथेच धरून ठेवते आणि प्रवाह हळूहळू उतरू देते. या टप्प्याला तास-दोन तास लागतात, आणि शेवटचा पाचवा हिस्सा इथेच भरतो. मग १३.६ च्या आसपास उतरून नुसती राखण करते. पोळी तव्यावर टाकल्यावर आच मोठी, फुगताना मध्यम, मग झाकून ठेवायची, तसेच हे. ज्या पेटीला मधला टप्पा नीट जमत नाही ती रोज थोडी कच्ची पोळी उतरवते, आणि बॅटरी वर्षभरात आजारी पडते.

दोन जाती

बाजारात दोन जाती मिळतात: पीडब्ल्यूएम आणि एमपीपीटी. नावांनी घाबरायचे कारण नाही.

पीडब्ल्यूएम हा एक चपळ खटका आहे. तो प्लेट आणि बॅटरी सरळ जोडतो आणि बॅटरी भरत आली की सेकंदाला अनेकदा उघडझाप करून प्रवाह कमी करतो. जोडल्यावर प्लेटला बॅटरीच्या व्होल्टेजवर यावे लागते. शंभर वॅटची ३६ घरांची प्लेट १८ व्होल्टला ५.५ अँपिअर देते. बॅटरी १३ व्होल्टला असेल तर प्रवाह तेवढाच, व्होल्ट १३. म्हणजे ७२ वॅट. उरलेले वाया.

एमपीपीटी हा व्होल्ट मोडून अँपिअर देणारा सराफ आहे. प्लेट कोणत्या व्होल्टेजला सर्वांत जास्त देते ते तो सारखा शोधत राहतो, तिथे तिला ठेवतो आणि मिळालेली वीज बॅटरीच्या व्होल्टेजला बदलून देतो. थोडी कटौती स्वतःसाठी घेतो. त्याच प्लेटमधून, प्लेट तापल्याचा तोटा धरूनही, पीडब्ल्यूएमपेक्षा दहा ते वीस टक्के जास्त हाती लागते; सकाळी गारव्यात आणि बॅटरी रिकामी असताना त्याहून अधिक.

खरा फरक मोठ्या प्लेटांत आहे. घरांच्या छपरांसाठीच्या ५४० वॅटच्या प्लेटा आता वॅटमागे सर्वांत स्वस्त पडतात, म्हणून लोक त्या उचलतात. अशी प्लेट सुमारे ४१ व्होल्टला १३ अँपिअर देते. ती पीडब्ल्यूएममधून बारा व्होल्टच्या बॅटरीला जोडली तर १३ गुणिले १३, म्हणजे १६९ वॅट मिळतात. पैसे ५४० चे, वीज १६९ ची. प्लेट चांगली असते, बॅटरी चांगली असते, आणि संच कायम अर्धपोटी असतो.

पेटीवर ७५/१५ किंवा १००/३० असे आकडे असतात. व्हिक्ट्रॉनसारख्या नौकावाल्यांच्या परिचयाच्या कंपन्या ते मॉडेलच्या नावातच घालतात. पहिला आकडा प्लेटकडून सहन होणारे कमाल व्होल्ट, दुसरा बॅटरीकडे देता येणारे कमाल अँपिअर. अँपिअर जास्त उपलब्ध झाले तर चांगला एमपीपीटी जास्तीचे घेत नाही, एवढेच. व्होल्ट जास्त झाले तर तो जळतो. आणि प्लेटचे मोकळे व्होल्टेज थंडीत वाढते, अंशामागे साधारण ०.३ टक्के. ४५ व्होल्टच्या दोन प्लेटा ओळीने जोडल्या तर ९० होतात. आमच्याकडच्या दहा अंशांच्या जानेवारीतल्या सकाळी ९४. शंभरच्या पेटीत हे जेमतेम बसते, ७५ च्या पेटीची मात्र राख होईल.

हिशेब उलटीकडून

निवड प्लेटपासून सुरू केली की चुकते. सुरुवात संसारापासून करावी. आमच्या तरुणाच्या नौकेचा दिवसाचा खर्च आम्ही असा मांडला: लहान फ्रिज ४५ अँपिअर-तास, दिशा, खोली आणि वारा दाखवणारी उपकरणे व रेडिओ मिळून २५, दिवे १०, फोन आणि इतर १०. एकूण ९०. सुकाणू धरायला त्यांच्याकडे वाऱ्यावर चालणारी यांत्रिक रचना आहे, नाहीतर हा आकडा बराच वर गेला असता.

९० अँपिअर-तास म्हणजे बारा व्होल्टला १०८० वॅट-तास. आपल्या किनाऱ्यावर पावसाळा सोडून दिवसाला पाच तास पूर्ण उन्हाएवढे धरता येते. पण नौकेवरची प्लेट आडवी असते, तापते, शिडाच्या सावलीत जाते, म्हणून ६५ टक्केच हाती येतील असे धरले. १०८० ला ३.२५ ने भागले: ३३२. म्हणजे साडेतीनशे वॅट. त्याला १३ ने भागले की २७ अँपिअर. एक तीस अँपिअरची पेटी, किंवा पंधराच्या दोन. दोन दिवस ऊन नाही असे धरून १८० अँपिअर-तास साठा हवा. शिशाची बॅटरी अर्ध्याखाली उतरवायची नाही, म्हणून ३६० ची बॅटरी.

वाड्याचा हिशेब याच रीतीने केला. तीन वॅटचे दोन दिवे चार तास, जाळीपाशी एक दिवा दहा तास, दोन फोन: सहा अँपिअर-तासांच्या थोडे वर. बहुतेक संचांत बॅटरी असते सात अँपिअर-तासांची. म्हणजे ती रोज पहाटे तळाला जाते. यावर महाग पेटी हे उत्तर नव्हे. चाळीस वॅटच्या प्लेटवर एमपीपीटीने वाचणारी वीज सात-आठ वॅटची. त्यापेक्षा प्लेट थोडी मोठी घेणे स्वस्त. इथे साधा, पण मधला टप्पा नीट पाळणारा दहा अँपिअरचा पीडब्ल्यूएम पुरतो आणि पैसे बॅटरीवर घालावेत. तिथे मग वजनाचा प्रश्न येतो: शिशाची वीस अँपिअर-तासांची बॅटरी सहा किलोच्या आसपास, आणि घोड्याच्या पाठीवर प्रत्येक किलोला वाटेकरी असतो.

सावली, ऊब आणि तार

डोलकाठीची सावली बोटभर रुंद दिसते, पण काम मोठे करते. प्लेटमधली घरे माळेसारखी ओवलेली असतात. एक घर झाकले की पूर्ण माळ अडते. म्हणून प्लेटचे दोन-तीन भाग करून प्रत्येकाला वळणरस्ता दिलेला असतो. ३६ घरांच्या प्लेटचा एक भाग झाकला की उरतात नऊ व्होल्ट, आणि नऊ व्होल्ट बाराच्या बॅटरीत शिरत नाहीत. ६० घरांच्या तीस व्होल्टच्या प्लेटचा तिसरा भाग झाकला तरी वीस उरतात, आणि एमपीपीटी काम चालू ठेवतो. नौकेवर ही एक गोष्ट दहा-वीस टक्क्यांच्या जाहिरातीपेक्षा महत्त्वाची आहे. शिवाय शीड एका बाजूला असते, म्हणून डाव्या आणि उजव्या प्लेटचे ऊन कधीच सारखे नसते. दोन प्लेटांना दोन स्वतंत्र पेट्या द्याव्यात. एक बिघडली तरी दुसरी उरते, हा वरचा फायदा.

ऊब वाढली की शिशाच्या बॅटरीला कमी व्होल्टेज हवे असते: २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला सुमारे ०.०२४ व्होल्ट कमी. चाळीस अंशांत १४.४ चे १४.०४ व्हायला हवे. पेटीला हे कळायचे तर तिला बॅटरीचे तापमान कळायला हवे, आपल्या अंगचे नव्हे. म्हणून बॅटरीला चिकटवायची तापमानाची वायर असलेली पेटी घ्यावी.

तिसरी गोष्ट तारेची. सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, पेटीपासून बॅटरी पाच मीटर, म्हणजे जाऊन-येऊन दहा. वीस अँपिअर वाहिले की वाटेत ०.६ व्होल्ट पडतात. पेटी १४.४ दाखवते, बॅटरीला १३.८ मिळतात, आणि पेटी वेळेआधी समाधान मानते. सोळा चौरस मिलिमीटरच्या तारेत ही घट ०.२३ वर येते. तेव्हा पेटी बॅटरीजवळ असावी, पण बॅटरीच्याच बंद खणात नको, कारण शिशाची बॅटरी भरताना हायड्रोजन सोडते. खाऱ्या हवेसाठी कथिलाचा मुलामा असलेली तार, बॅटरीच्या तोंडाशी फ्यूज, आणि जोडताना आधी बॅटरी मग प्लेट, सोडवताना आधी प्लेट मग बॅटरी. काही स्वस्त एमपीपीटी रेडिओत खरखर आणतात. पेटी चालू ठेवून रेडिओ ऐकून पाहिल्याशिवाय ती कायमची बसवू नये.

लिथियम फॉस्फेट बॅटरी घेतली तर अर्धे आकडे बदलतात. ती ऐंशी टक्के वापरता येते, वजन कमी, अर्धपोटी राहिली तरी बिघडत नाही. मग ३६० च्या ऐवजी सव्वादोनशे अँपिअर-तास पुरतात. पण तिला तापमानानुसार व्होल्टेज बदललेले चालत नाही, आणि तिच्या आत स्वतःचा एक पहारेकरी असतो, जो संकटात एकदम दार लावतो. लिथियमचे टप्पे बदलून लावता येतील अशीच पेटी घ्यावी.

‘पुरे’ कोणाला म्हणायचे

लहान पेट्यांना तिसरी जोडी असते, दिव्यांसाठी. बॅटरी ११ व्होल्टच्या आसपास उतरली की पेटी ती जोडी तोडते, म्हणजे घराला ‘पुरे’ म्हणते. बॅटरीच्या दृष्टीने हे शहाणपणाचे आहे. पण मी पाहिलेल्या अनेक वाड्यांवर लोकांनी ही जोडी वगळून दिवा सरळ बॅटरीला लावलेला होता. विक्रेते याला अडाणीपणा म्हणतात. मला तसे वाटत नाही. पेटी दिवा विझवते ती पहाटे, आणि लांडगा येतो तोही पहाटेच. ज्याची कोकरे जाळीत आहेत तो बॅटरीचे आयुष्य वाचवून काय करील? त्याने एका दिव्यासाठी बॅटरी पणाला लावली. हिशेब त्याचा बरोबर आहे, संच त्याच्या हिशेबाने बांधलेला नाही.

यातून मार्ग निघतो. फोन आणि झोपडीतले दिवे पेटीच्या तिसऱ्या जोडीवर ठेवावेत, म्हणजे कमी पडले की ते आधी जातील. जाळीपाशीचा एकच दिवा फ्यूज घालून सरळ बॅटरीवर. आणि बॅटरी इतकी असावी की तो दिवा एकटा सकाळपर्यंत टिकेल. दोन वाड्यांनी बारा अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीवर असा संच गेल्या हंगामात वापरला, आणि दोन्हीकडे जाळीपाशीचा दिवा एकाही रात्री विझला नाही.

नौकेला मी तीच वाटणी सुचवली. फ्रिज आणि आतले दिवे पेटीच्या आज्ञेत. तळातले पाणी उपसणारा पंप, रात्री इतर जहाजांना दिसायचे दिवे आणि रेडिओ आज्ञेबाहेर, प्रत्येकाला वेगळा फ्यूज. पेटी निवडताना दुकानदार वॅट आणि टक्के सांगतो. त्याआधी एका कागदावर दोन यादी कराव्यात: वीज संपत आली तर काय बंद झालेले चालेल, आणि काय कधीच बंद होता कामा नये. दुसरी यादी लहान असते, पण पूर्ण संच तिच्यासाठी असतो. आमच्या तरुणाने पंधरा अँपिअरच्या दोन एमपीपीटी पेट्या घेतल्या, तापमानाच्या वायरीसह. फ्रिजचे बटण त्याने दाराजवळ, हात पोचेल असे लावले आहे.